भरतकाम शिकवणाऱ्यांचा वेळ नेमका कुठे जातो?

उलटी टीप (धागाकर्ती)

गेले चार आठवडे मी एका वहीत माझ्या वेळाचा हिशेब लिहीत आहे. भरतकाम आणि वस्त्रकला शिकवायला लागून मला १८ वर्षे झाली, आणि "तुमचे बरे आहे, दिवसभर आवडीचेच काम" हे वाक्य या काळात इतक्या वेळा कानावर आले की त्यात खरे किती आणि समजूत किती, हे एकदा कागदावर मांडून पाहावेसे वाटले. माझे आठवड्याला सहा वर्ग असतात, प्रत्येकी दोन तासांचे. म्हणजे शिकवण्याचे तास १२. वहीत मात्र कामाचे तास आठवड्याला सरासरी ४७ भरले. आणि स्वतःच्या मनातले काहीतरी, स्वतःच्या कापडावर, कोणालाही दाखवण्यासाठी नव्हे अशा रीतीने मी किती वेळ भरले, तर चार आठवड्यांत मिळून तीन तास. हा आकडा पाहून मी बराच वेळ वही मिटू शकले नाही. इथे शिकवणारे बरेच जण आहेत, म्हणून हा चर्चेचा धागा काढते आहे.

सर्वांत मोठा वाटा पूर्वतयारीचा निघाला. १२ जणांच्या वर्गासाठी ३० सेंटिमीटरचे १२ चौकोन कापायचे, तर पट्टी ठेवून कात्री चालवून भागत नाही. कापडातला एक धागा ओढून काढायचा आणि त्याच्या जागी पडलेल्या बारीक फटीतून कापत जायचे, म्हणजे चौकोन विणीला धरून सुटतो. तसा न सुटलेला तुकडा भरतकामाच्या गोल रिंगीत ताणला की उरेब ओढला जातो आणि रिंग काढल्यावर गोल फूल लंबगोल होऊन बसते. शिकणारीला वाटते आपला हात चुकला. खरी चूक कापणारीची असते. मग दोरा. सहा पदरी सुती दोऱ्याची नेहमीची लडी ८ मीटरची. बोटांच्या टोकापासून कोपरापर्यंत, म्हणजे साधारण ४५ सेंटिमीटरचा एक तुकडा धरला तर एका लडीत १७ तुकडे निघतात. दोन पदरांनी भरायचे असेल तर प्रत्येक तुकडा तीनदा पुरतो. कागदावर हे भरपूर वाटते, पण भरीव टाक्यात कापडाच्या मागेही पुढच्याइतकाच दोरा जातो, त्यामुळे पाच पाकळ्यांच्या एका फुलाला किती लागेल याचा अंदाज स्वतः एक फूल भरल्याशिवाय देता येत नाही. म्हणून प्रत्येक नवा नमुना मी आधी पूर्ण करते, आणि नंतर तोच टप्प्याटप्प्यावर अर्धवट सोडून चार तुकड्यांवर पुन्हा करते, म्हणजे वर्गात "आता इथपर्यंत आले की असे दिसेल" हे हातात देता येते. त्यानंतर आकृती उतरवणे, सुया मोजणे, परत आलेल्या कात्र्यांना धार आहे का ते पाहणे, आणि वर्ग झाल्यावर बारा टेबलांखालचे दोऱ्यांचे तुकडे वेचणे. निरोपांची उत्तरे आणि नोंदणी यांबद्दल लिहीत नाही, ते सगळ्यांनाच ठाऊक आहे.

मला जे खरोखर बोलायचे आहे ते वर्गातल्या दोन तासांबद्दल. पहिली २० मिनिटे प्रात्यक्षिकात जातात, शेवटची १० आवराआवरीत. उरली ९०. बारांत वाटली तर एकीच्या वाट्याला साडेसात मिनिटे येतात, आणि त्यातही प्रश्न, सुटलेली गाठ, हरवलेली सुई हे सगळे आले. ४७ तासांचा सगळा खटाटोप ज्या साडेसात मिनिटांसाठी चालतो, ती मिनिटेच सर्वांत आधी कापली जातात असे मला वहीतून दिसले.

एक उदाहरण सांगते. एका विद्यार्थिनीची पाकळी सारखी चुणत होती. टाके शेजारी शेजारी बसलेले, कडा स्वच्छ, पदर पिळलेले नाहीत. तरीही रिंग काढली की पाकळीच्या मध्यावर कापड गोळा व्हायचे. दोन वर्ग मी तिच्याजवळून जाताना "दोरा इतका ओढू नका" एवढेच म्हणत गेले, कारण थांबायला सवड नव्हती. तिसऱ्या वर्गात मी तिच्या शेजारी खुर्ची घेऊन बसले आणि काही न बोलता सात-आठ टाके नुसते पाहिले. ती दोरा जोरात ओढत नव्हतीच. सुई वर आल्यावर टाका ज्या दिशेला पडायचा त्या दिशेने दोरा नेण्याऐवजी ती तो स्वतःच्या छातीकडे काढत होती, त्यामुळे प्रत्येक वेळी आधीच्या छिद्राला एक बारीक हिसका बसत होता. शिवाय तिचा डावा अंगठा रिंगीच्या लाकडावर नसून आत, ताणलेल्या कापडावरच टेकलेला होता, आणि त्याच्या दाबाने पाकळीखालचे कापड सैल पडत होते. अंगठा बाहेर घेतला, दोऱ्याची दिशा बदलली, रिंगीचा स्क्रू अर्धा फेरा आवळला. पुढची पाकळी सपाट बसली. मला ते दिसायला चार मिनिटे लागली. ती चार मिनिटे मी दोन आठवडे दिली नव्हती.

घाईची याहून मोठी किंमत मी दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका विद्यार्थिनीला मोजायला लावली आहे. अभ्यासक्रमाच्या शेवटी कामे मांडायची होती आणि तिचे चार महिन्यांचे काम पूर्ण झाले होते: पांढऱ्या पाकळ्या, त्यांच्या मध्ये गडद लाल गाठी. लाल दोरा नवा होता. नवा गडद दोरा ओला करून पांढऱ्या फडक्यात दाबून पाहायचा हा माझा नियम आहे, पण त्या आठवड्यात मी तो पाळला नाही. पाण्याने जाणाऱ्या निळ्या पेनाच्या रेषा इस्त्रीपूर्वी काढायच्या असतात, नाहीतर उष्णतेने त्या पक्क्या बसतात, म्हणून काम गार पाण्यात घातले, आणि लाल रंग पाकळ्यांत उतरू लागला. अशा वेळी कापड वाळू द्यायचे नसते. मी रात्रभर पाणी बदलत बसले. पहाटेपर्यंत बहुतेक रंग निघाला, पण दोन पाकळ्यांच्या मुळाशी गुलाबी छटा राहिली ती राहिलीच. तिने मला एका शब्दानेही दोष दिला नाही, आणि म्हणूनच ते माझ्या मनातून जात नाही.

माझा प्रश्न असा आहे, की यातले काय कमी करता येते आणि काय मुळीच करू नये? हात पाहण्याचा वेळ आणि स्वतः भरण्याचा वेळ, या दोन गोष्टी मला परत हव्या आहेत.

नेढे

मी मोजून भरायचे काम, म्हणजे मुख्यतः फुली टाका शिकवतो. तुमच्या हिशेबातला तयारीचा भाग वाचून मला माझी जुनी वर्षे आठवली. सहा वर्षांपूर्वी मी कापलेले कापड आणि मोजलेले दोरे देणे पूर्णपणे बंद केले, आणि ते केवळ माझा वेळ वाचावा म्हणून नव्हे.

माझ्या असे लक्षात आले की सगळे हाती तयार मिळालेले लोक वर्गात उत्तम भरत, पण घरी जाऊन नवे काम सुरू करू शकत नसत. कापड किती घ्यायचे हेच त्यांना ठरवता येत नसे. आता पहिला वर्ग पूर्ण त्यालाच दिला आहे. १४ काउंटच्या कापडावर एका इंचात १४ चौकटी असतात, तर ७० चौकटी रुंद आकृतीला किती इंच लागतील, दोन्ही बाजूंना दोन-दोन इंच सोडले तर तुकडा केवढा कापायचा, आणि तीच आकृती २८ काउंटच्या लिननवर दोन-दोन धाग्यांवरून भरली तर मापात काय फरक पडेल, हे प्रत्येकाने स्वतः काढायचे. पहिल्याचे उत्तर पाच इंच, दुसऱ्याचे नऊ इंच आणि शेवटच्याचे 'काहीच फरक पडत नाही' असे आहे. पण ते स्वतः शोधलेल्या माणसाचा चेहरा पाहण्यासारखा असतो. सुयांचे क्रमांकही असेच. एकाच प्रकारच्या सुयांमध्ये आकडा वाढेल तशी सुई बारीक होत जाते, हे सांगितलेले लोक विसरतात. पाच क्रमांकांच्या सुया हातात देऊन बारीक-जाड अशा ओळीत लावायला सांगितले की विसरत नाहीत.

आणि कापडातून धागा ओढण्याबद्दल तुम्ही जे लिहिले आहे, ते काम तुम्ही करून देता यात शिकणाऱ्यांचे नुकसानच आहे असे माझे प्रांजळ मत आहे. ज्याने एकदा स्वतः धागा ओढला, तो मध्येच तुटल्यावर त्याचे टोक शोधले आणि पुन्हा ओढला, त्याला वीण म्हणजे काय हे वेगळे शिकवावे लागत नाही.

उलटी टीप

तुमचे म्हणणे पटले, पण पूर्ण नाही. माझा नवशिक्यांचा वर्ग आठच सत्रांचा असतो. त्यातले एक सत्र कापण्या-मोजण्याला दिले तर आठवा हिस्सा गेला, आणि पहिल्याच दिवशी एकही टाका न घालता घरी गेलेली माणसे दुसऱ्या दिवशी येतीलच याची खात्री नसते. पहिल्या दिवशी हाताखाली एखादी डहाळी उमटलेली पाहण्यात जो उत्साह असतो तो मला गमवायचा नाही. पुढच्या पातळीच्या वर्गांत मात्र हे उद्यापासून करता येईल.

निळीचे पिंप

माझा विषय रंगाई आहे, भरतकामाशी संबंध जेवढ्यास तेवढा, पण लाल रंगाची हकिकत वाचून लिहिल्याशिवाय राहवले नाही.

रंगाईच्या तीन तासांच्या वर्गामागे तीन दिवस असतात. सुती कापड आदल्या दिवशी धुण्याच्या सोड्यात उकळून त्यातली खळ आणि मेण काढावे लागते, नाहीतर रंग डागाडागांनी बसतो. मग रंग धरून राहावा म्हणून टॅनिनाचा हात, मग तुरटीचा, प्रत्येकानंतर वाट पाहणे. निळीचे तर शास्त्रच वेगळे. ती मुळात पाण्यात विरघळत नाही. तिचे क्षपण (ऑक्सिडीकरणाच्या उलट क्रिया) झाले की अल्कलीयुक्त पाण्यात विरघळते, धाग्यात शिरते, आणि बाहेर काढल्यावर हवेतल्या प्राणवायूने पुन्हा निळी होऊन आतच अडकते. कापड पिंपातून वर येते तेव्हा हिरवट-पिवळे असते आणि पाहता पाहता निळे होत जाते. त्या अर्ध्या मिनिटात वर्गात कोणीही बोलत नाही, आणि तेवढ्यासाठी मी तीन दिवस आनंदाने देते. पिंप तयार आहे की नाही हे मात्र पिंपच ठरवते. वर्ग दहाला आहे म्हणून ते दहाला तयार होत नाही, म्हणून मी दोन पिंपे लावते.

ताई, रंग उतरण्याची चाचणी एकट्याच्या शिस्तीवर ठेवू नका. दमलेल्या आठवड्यात शिस्त पहिली सुटते. माझ्याकडे पांढऱ्या कापडाची एक लांब पट्टी आहे. नवी लडी आली की जो उघडेल त्याने तिच्या दोऱ्याचे चार टाके त्या पट्टीवर घालायचे, शेजारी लडीचा क्रमांक लिहायचा, मग पट्टी कोमट साबणाच्या पाण्यात अर्धा तास ठेवून पांढऱ्या फडक्यात दाबायची. ज्या क्रमांकाचे टाके पट्टीवर नाहीत तो दोरा वर्गात कोणी वापरत नाही. विद्यार्थी मला आठवण करून देतात. आता ती पट्टी तीन मीटर झाली आहे, आणि तिच्यावरून रंगांचा मेळ शिकवता येतो हा जास्तीचा फायदा.

काज टाका

मी शाळेत शिकवते. एका वर्गात ३८ मुले आणि तास ४० मिनिटांचा. तुमचा साडेसात मिनिटांचा हिशेब इकडे लावला तर प्रत्येकाला एक मिनिटही येत नाही, त्यामुळे हात पाहणे मला शक्यच नाही, हे मी सुरुवातीलाच मान्य करते. मी त्याऐवजी मागची बाजू पाहते.

दर आठवड्याला एका वर्गाची कामे घरी आणते आणि सगळी उलटी करून टेबलावर मांडते. पुढच्या बाजूला मूल काय दाखवू इच्छिते ते दिसते. मागच्या बाजूला त्याचा हात कसा चालला ते दिसते. दोरा कुठून कुठे उडी मारून गेला, संपताना चार टाक्यांखालून ओवून घेतला की घाईने गाठ मारली, साखळी टाक्याच्या मागे सरळ उलटी टीप दिसते आहे की वेडीवाकडी, हे सगळे तिथे लिहिलेले असते. मागे गाठींचा झुबका असेल तर बहुतेक वेळा दोरा फार लांब घेतलेला असतो, आणि लांब दोरा हा अधीर मुलाचा नसून सुईत ओवता न येणाऱ्या मुलाचा असतो, हे मला चार वर्षांनी कळले. त्याला पुन्हा पुन्हा ओवावे लागू नये म्हणून ते हातभर लांब घेते. अशा मुलांना मी मोठ्या नेढ्याची सुई देते आणि झुबके आपोआप कमी होतात.

मुलांना मी फ्रान्समधल्या बेयो गावच्या टॅपेस्ट्रीची गोष्ट सांगते. अकराव्या शतकातले ते जवळपास ७० मीटर लांबीचे लिनन. नावात टॅपेस्ट्री असली तरी ते विणलेले नाही, लोकरीच्या दोऱ्याने भरलेले आहे. १९८२-८३ च्या सुमारास तिची तपासणी झाली तेव्हा अभ्यासकांना मागची बाजूही पाहता आली. नऊशे वर्षांनंतर आपलीही मागची बाजू कोणी पाहील, असे म्हटले की मुले गंभीर होतात.

तिचीच एक इंग्लंडमध्ये केलेली प्रतिकृती आहे, १८८६ मध्ये पूर्ण झालेली. लीक गावच्या एलिझाबेथ वॉर्डल यांनी सुमारे ३५ स्त्रियांकडून ती भरून घेतली आणि प्रत्येकीने आपण भरलेल्या भागाखाली आपले नाव टाक्यांनी घातले. आज ती रेडिंगच्या संग्रहालयात आहे. मी मुलांच्या सामूहिक कामात ही पद्धत उचलली: एक लांब कापड, प्रत्येकाचा एक हात रुंद भाग, आणि खाली नाव. नाव घालायचे म्हटल्यावर शेजारचा शेजाऱ्याचे काम तपासतो, आणि ३८ जणांकडे पाहायला मी एकटी उरत नाही. इतक्या मोठ्या वर्गात मला सापडलेला हा एकच उपाय आहे.

ओवलेली सुई

मी गेली तीन वर्षे फक्त दूरस्थ वर्ग घेते, त्यामुळे एक वेगळी अडचण लिहिते. टेबलाच्या वर उलटा टांगलेला कॅमेरा माझे हात उत्तम दाखवतो, पण मला शिकणाऱ्यांचे हात दिसत नाहीत, आणि ही उणीव भरून काढायला ते रात्री उशिरापर्यंत छायाचित्रे पाठवतात. एका वर्षी मी प्रत्येक छायाचित्राला तिथल्या तिथे उत्तर देत होते आणि माझी मान इतकी आखडली की महिनाभर सुई बंद ठेवावी लागली. आता आठवड्यातून एकाच ठरलेल्या वेळी पाहते. छायाचित्रे तीन मागवते: पुढून, मागून, आणि टाका अर्धवट असताना सुई कापडात अडकवून ठेवलेले. तिसऱ्या छायाचित्रात सुईचा कोन दिसतो आणि निम्म्या चुका तिथेच सापडतात.

डावा हात

मी इथे शिकवणारी नाही, शिकणारी आहे. लिहावे की नाही असा विचार करत होते.

मी डावखुरी आहे. देठाचा टाका मला दोन ठिकाणी शिकवला गेला आणि दोन्ही ठिकाणी मला सांगितले गेले की आकृतीत दाखवले आहे त्याच्या उलटे करा. उलटे म्हणजे काय, हे कोणी सांगितले नाही. दिशा उलटी करायची, की दोरा सुईच्या वरच्या बाजूला ठेवायचा, की दोन्ही? मी दोन्ही केले, आणि माझी वेल कधी दोरखंडासारखी पिळलेली दिसे तर कधी सपाट, आणि मला वाटे की मला हे जमणारच नाही. तिसऱ्या बाई माझ्या शेजारी न बसता समोर येऊन बसल्या. म्हणाल्या, आरशात पाहता तसे माझ्या उजव्या हाताकडे पाहा. त्या डावीकडून उजवीकडे जात होत्या, म्हणजे माझ्या बाजूने पाहता उजवीकडून डावीकडे. दोरा दोघींचाही सुईच्या एकाच बाजूला, आपापल्या शरीराकडे. मला एका वेलीत कळले.

त्या दिवशी वर्गात अकरा जण होते आणि बाई माझ्यासमोर वीस मिनिटे बसल्या. इतरांना त्या दिवशी कमी वेळ मिळाला असेल. पण आज मी भरते ती त्या वीस मिनिटांमुळे, म्हणून सगळ्यांना सारखी वाटलेली साडेसात मिनिटे बरोबर आहेत का, असा प्रश्न मला विचारावासा वाटतो.

लांब-आखूड

डावा हात यांचा प्रश्न या धाग्यातला सर्वांत महत्त्वाचा आहे असे मला वाटते आणि त्याचे उत्तर धागाकर्तीनेच द्यावे. मी दुसऱ्या गोष्टीबद्दल लिहितो, ती म्हणजे स्वतःचे काम.

शिकवण्याने स्वतःची कला मागे पडते हे आपण सगळे गृहीत धरून चालतो. इंग्लंडमधल्या भरतकाम कलावंत मे मॉरिस यांच्याकडे पाहा. १८८५ मध्ये, वयाच्या २३ व्या वर्षी त्यांनी वडिलांच्या कंपनीच्या भरतकाम विभागाची सूत्रे हाती घेतली, स्वतः आकृत्या काढल्या, स्वतः भरले, इतरांकडून भरून घेतले, आणि १८९७ पासून लंडनच्या सेंट्रल स्कूल ऑफ आर्ट्स अँड क्राफ्ट्समध्ये शिकवले. विणकाम कलावंत ॲनी अल्बर्स यांनी १९३३ ते १९४९ अशी सोळा वर्षे अमेरिकेतल्या ब्लॅक माउंटन कॉलेजमध्ये विणकाम शिकवले आणि १९४९ मध्येच न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात त्यांच्या विणकामाचे स्वतंत्र प्रदर्शन झाले. दिवसाचे तास त्यांनाही आपल्याइतकेच होते. ॲनी अल्बर्स विद्यार्थ्यांना पाठीला बांधायच्या साध्या मागापासून सुरुवात करायला लावत. माझ्या समजुतीप्रमाणे, शिकवण्यासाठी मुळापाशी पुन्हा पुन्हा जावे लागणे हे कलावंताच्या हातालाही पोसत असते.

म्हणून माझी सूचना अशी, की टप्प्यांचे नमुने हे नमुने म्हणून करूच नका. मी लांब-आखूड टाक्याने छायाभेद शिकवतो. पूर्वी त्यासाठी चार वेगळ्या तुकड्यांवर तेच पान चार टप्प्यांत भरत असे. त्या पानांचा पुढे काही उपयोग नसे आणि भरताना माझे मनही त्यात नसे. आता माझे स्वतःचे एक मोठे काम चालू असते, त्यात वीस-पंचवीस पाने आहेत, आणि कोणत्याही वेळी त्यातले एक पान पहिल्या ओळीवर, दुसरे दुसऱ्या छटेवर, तिसरे पूर्ण असते. तेच कापड मी वर्गात नेतो. आधीच्या ओळीच्या टाक्यांना मधोमध चिरत सुई कशी वर येते, टाक्यांची लांबी सारखी ठेवली तर छटांच्या मध्ये शिडीसारखी रेघ कशी दिसू लागते, हे त्याच कापडावर दाखवता येते, माझ्या चुकलेल्या जागांसह. रिकाम्या वेळी वर्गातही त्यावर चार टाके घालतो.

उलटी टीप

वर्गात चार टाके घालण्याशी मी सहमत नाही, आणि हे आग्रहाने सांगते. सुई हातात असली की डोळे आपल्या कापडावर जातात. निदान माझे जातात. पाकळी चुणणारी विद्यार्थिनी मला दोन आठवडे दिसली नाही ती माझ्या हातात काहीच नसताना. बाकी सूचना मात्र मी तशीच्या तशी घेणार आहे.

उसवण्याबद्दल कोणीच लिहिले नाही, म्हणून एक गोष्ट जोडते. मे मॉरिस यांचे वडील विल्यम मॉरिस जुनी भरतकामे उसवून टाके शिकले. माझ्या वर्गात उसवणे ही शिक्षा समजली जाते आणि त्याला कारण मीच आहे, कारण वेळ वाचावा म्हणून मी चुकलेला भाग पटकन स्वतः उसवून परत देते. त्यांचा हात जिथे अडखळला ती जागा मीच नाहीशी करते.

डावा हात, तुमचा प्रतिसाद मी तीनदा वाचला. साडेसात मिनिटांची सारखी वाटणी चूक आहे. ज्या दिवशी ज्याचा हात अडला आहे त्या दिवशी तो वेळ त्याचा, आणि हे बाकीच्यांना मोकळेपणाने सांगितले तर कोणी हरकत घेईल असे मला वाटत नाही. त्यांचीही पाळी येणारच असते.

उलटी टीप (सात आठवड्यांनंतर)

वही चालूच ठेवली होती, म्हणून कळवते आहे. कामाचे तास आठवड्याला सरासरी ४२ वर आले. वरच्या दोन वर्गांनी कापणे-मोजणे स्वतःकडे घेतले. पहिल्या दिवशी चार तुकडे तिरके कापले गेले. मी ते बदलून दिले नाहीत, त्याच तुकड्यांवर एकेक वर्तुळ भरून घेतले आणि रिंग काढल्यावर सगळ्यांनी मिळून पाहिले. रंगांची पट्टी सुरू झाली आहे. सध्या दोन हात लांब आहे आणि तिच्यावर एक तपकिरी छटा आम्हा सगळ्यांच्या अपेक्षेविरुद्ध उतरताना सापडली. निरोप आणि छायाचित्रे दिवसातून एकदाच पाहते. स्वतःचे काम गुरुवारी आणि रविवारी सकाळी, उजेड चांगला असताना, दीड-दीड तास. चार आठवड्यांत तीन तास होते, आता आठवड्याला तीन झाले. नमुन्यांच्या चार तुकड्यांऐवजी एकच मोठे कापड आहे, आणि त्यातले पान अपुरे ठेवून उठायचे हे मला अजून अवघड जाते.

प्रात्यक्षिक मी २० मिनिटांवरून १२ वर आणले. पूर्वी प्रत्येक टाका तीनदा दाखवत असे. आता एकदा दाखवते आणि लगेच टेबलांमध्ये जाते. दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदा ज्यांना लागते त्यांना त्यांच्याच कापडावर दाखवते, डावखुऱ्यांना समोर बसून.

पाकळीवाली विद्यार्थिनी परवा नवे काम घेऊन आली आणि पुढची बाजू दाखवण्याआधी तिने कापड उलटे करून माझ्यासमोर धरले. पाकळ्या मागूनही सपाट होत्या. एके ठिकाणी मात्र दोरा एका फुलातून दुसऱ्या फुलात दोन बोटे उडी मारून गेला होता आणि पुढून पांढऱ्या कापडातून त्याची सावली दिसत होती. मी कात्री तिच्याकडे दिली, आणि ती उसवत असताना शेजारी बसून राहिले.